जिन चौकात वळलेली बांबूची गाडी

आयुष्यभर मी गाड्यांचे मार्ग आखले, पण माझ्या सासूबाईंना माझं काम शेवटपर्यंत नीट कळलं नाही. सून रेल्वेत आहे असं त्या सगळ्यांना सांगत आणि पाहुणे आले की मला पास काढून द्यायला लावत. मी रेल्वेत नव्हते. ज्या गाड्या अजून जन्मालाच आलेल्या नाहीत, त्यांनी कुठून जावं, कुठे थांबावं आणि कुणाच्या दारावरून वळावं, हे सुचवणाऱ्या एका सल्लागार कंपनीत मी नोकरी केली. मूर्तिजापूरला छोट्या गाडीची शिट्टी ऐकत वाढलेली मुलगी मोठी होऊन आणखी काय करणार होती!

आमच्या धंद्यात केलेलं काम दिसत नाही. सुताराची खुर्ची दिसते, डॉक्टरचा बरा झालेला पेशंट बाजारात भेटतो. आमच्या योजना बहुतेक करून कपाटातच राहतात, आणि जी उभी राहते तिचं श्रेय फीत कापणाऱ्याला जातं. पण एक गाडी मात्र मी माझ्या डोळ्यांनी माझ्या मार्गावरून जाताना पाहिली आहे. ती बांबूची होती, तिला चाकं नव्हती आणि ती माणसांनी उचललेली होती. ती आठवली की अजूनही मला एका जागी बसवत नाही.

नोकरीतलं ते माझं शेवटचं मोठं काम. अमरावती शहरातून बडनेऱ्याच्या अंगाला रस्त्याच्याच पातळीवर धावणाऱ्या छोट्या विजेच्या रेल्वेचा विचार चालू होता. तिचा पहिला टप्पा जिन चौकापर्यंत कागदावर ठरला होता. या चौकात एक जुनी जिनिंग फॅक्टरी आहे, म्हणून हे नाव. चौकाच्या पुढे उड्डाणपूल, आणि पुलापलीकडे गेल्या काही वर्षांत पसरलेले लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्त्या. तिथे मास्तर राहतात, पोलीस राहतात, गावची शेती भावाकडे सोपवून मुलांच्या शिक्षणासाठी आलेली कुटुंबं राहतात. मार्ग पुलापलीकडे आणखी तीन थांबे वाढवता येईल का, एवढंच आम्हाला सांगायचं होतं.

अशा कामात आम्ही आधी माणसं मोजतो, मग जमीन मोजतो आणि शेवटी लोकांसमोर उभं राहून शिव्या खातो. या तिसऱ्या भागात मी तरबेज होते. लेआउटच्या समाजमंदिरात पहिली सभा घेतली तेव्हा नकाशा भिंतीवर लावून मी तयार होते आणि लोक दाराकडे बघत होते.

"म्याडम, साहेब कवा येऊन राह्यले?" पुढच्या रांगेतल्या आजोबांनी विचारलं.

"मीच साहेब," मी म्हटलं. "करू सुरू?"

सुरू केलं आणि मागण्यांचा पाऊस पडला. एका गृहस्थांना थांबा त्यांच्या मंगल कार्यालयासमोर हवा होता, कारण वऱ्हाड थेट उतरेल. दुसऱ्याची अट होती की त्याच्या म्हशी रस्ता ओलांडत असतील तेव्हा गाडीने दम धरावा. मी सगळं ऐकून घेत होते. तेवढ्यात दाराशी हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलवर बसलेल्या माणसाने आवाज चढवला.

"म्याडम, मले एकच सांगा. ही गाडी पुलाच्या अलीकडे थांबते का पलीकडे येते?"

"पलीकडे आणायचा प्रयत्न आहे."

"प्रयत्न नोका सांगू. प्रयत्न त मीबी रोज पुलावर करून राह्यलो."

सभा हसली, तो हसला नाही. हे देवानंद गवई. लहानपणी पोलिओने पाय गेले, पण हात असे की माझ्यासारखीला उचलून ठेवतील. घर लेआउटच्या तोंडाशी, आणि शहरातल्या कचेरीच्या आवारात छत्रीखाली बसून ते लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करायचे. सपाट रस्त्यावर तीनचाकी छान पळायची, पण पुलाचा चढ काही हाताने चढत नसे. म्हणून रोज सकाळी त्यांची बायको शोभाताई पुलाच्या माथ्यापर्यंत ढकलत न्यायची आणि संध्याकाळी पुलाच्या चौकाकडच्या पायथ्याशी येऊन उभी राहायची.

सभा संपल्यावर ते नकाशापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "म्याडम, माहे पाय नाईत त्याची मले सवय झाली. आता शोभाचे गुडघे जाऊन राह्यले. डॉक्टर म्हनते चढ चढू नोका. शोभा म्हनते, मग तुमाले कोन चढवन? तुमची गाडी चौकातच थांबली त आमाले तिचा काय उपयोग? पूल त तसाच राह्यला."

नकाशावर तो पूल एका बोटाखाली झाकला जात होता.

आता अडचण कुठे होती ते सांगते. पुलाच्या बाजूने, नाल्याला धरून, पुलाच्या एका मोकळ्या कमानीखालून गाडी सपाटीवरून पलीकडे जाऊ शकत होती. चढ नाही, काही नाही. एरवी तो पट्टा कुंपणात बंद असायचा, मोजणीपुरता आम्हाला उघडून मिळाला होता. पण त्या पट्ट्याकडे वळायचं तर जिन चौकात कोपरा होता. एका बाजूला जिनिंगची दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला सायकल दुरुस्तीचं दुकान, पानाचा ठेला आणि गिला वड्याची, म्हणजे आमच्याकडच्या दहीवड्याची, गाडी. घर बदलताना पलंग दारातून काढून वळवायचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांना लगेच कळेल. रेल्वेचा डबा वळणावर वाकत नाही. त्याचं पोट आतल्या बाजूला येतं आणि डोकं-शेपूट बाहेर फिरतात. कोपऱ्यात तेवढी जागा नसली तर भिंत पाडा, नाहीतर दुकानं उठवा, नाहीतर मार्ग तिथेच संपवा.

आमच्या संगणकावर डबा वळत होता. वीतभर जागा उरत होती, पण वळत होता. निर्णय घेणाऱ्या समितीचे मुख्य साहेब नागपूरला बसत. त्यांनी पडद्यावर तो वळताना पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, पडद्यावर सगळंच वळतं. वीतभर जागेवर मी सही करू? चौकातच संपवा." इकडे सायकलवाल्याला खात्री पटली होती की आपलं दुकान जाणार, त्यामुळे तो मला पाहिलं की हवा भरायचा पंप जोरजोरात आपटायचा. पडद्यावर कुणाचाच विश्वास नव्हता.

त्याच आठवड्यात मी त्या चौकात गिला वडा खात उभी होते. समोरून सुखदेवभाऊ मांडववाल्यांची माणसं लग्नाची कमान अख्खीच्या अख्खी, उभ्या उभ्या उचलून नेत होती. भली मोठी कमान. कोपऱ्यावर आली, एकाने हाक दिली, पुढच्यांनी पाय आखडते घेतले, मागच्यांनी फेर धरला आणि कमान कुठेही न घासता वळून गेली. माझ्या हातातला वडा तसाच राहिला.

नवा मार्ग उघडण्याआधी रेल्वेवाले मापाची एक चौकट रुळांवरून फिरवतात, कुठे काही घासतं का बघायला. मी तेच मार्ग मंजूर व्हायच्या आधी करायचं ठरवलं, आणि तेही लोखंडाऐवजी बांबूत. आमच्या गाडीला तीन आखूड डबे होते. त्यातल्या एकाचा खऱ्या मापाचा सांगाडा करायचा, रुळांच्या जागी रस्त्यावर फक्कीची पांढरी रेघ मारायची, आणि ज्या ठिकाणी पुढची-मागची चाकं येतात तिथे दोन माणसं ठेवायची. त्या दोघांनी रेघ सोडायची नाही, बाकीच्यांनी नुसतं उचलायचं. ऑफिसात सगळे पोट धरून हसले. मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "शनिवारी सकाळी येतो. वळली तर तीन थांबे अहवालात राहतील. अडली तर पुन्हा विषय काढायचा नाही."

डबा बांधायचं काम सुखदेवभाऊंना दिलं आणि त्यांचा उत्साह मला आवरता आवरेना.

"म्याडम, झालर कोनती लावू? गुलाबी?"

"झालर नको. माप पाळा."

"अन् आतून पंखा?"

"सुखदेवभाऊ, माप!"

"मापाची तुमी फिकरच करू नोका," ते म्हणाले. त्या वाक्यावर विश्वास ठेवून मी बाकीच्या कामाला लागले.

डबा बांधून होईपर्यंत मी शाळेच्या मैदानावर त्याचा आतला आराखडा फक्कीने आखला. दार इथे, बाकं इथे, आणि दाराशेजारी बाकाविना मोकळी जागा. देवानंदभाऊंना बोलावलं. त्यांची तीनचाकी दारातून सहज आत आली, पण वळवताना अडली. पुढे घ्या, मागे घ्या, पुन्हा पुढे घ्या, असं करत ती कशीबशी फिरली आणि तरी एका चाकाला फक्की लागलीच.

"चालते म्याडम," ते चाक झटकत म्हणाले. "थोडी कसरत होते, पन चालते. गाडीत बसलेल्याले आनखी काय काम असते?"

शनिवार उजाडला तेव्हा चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. साहेब आणि उचलणारे सोडले तर मी कुणालाही बोलावलं नव्हतं. ताशेवाले आपणहून आले होते. व्यायामशाळेतली पोरं लंगोट नाही एवढंच, बाकी अंगाला तेल लावून तयार. कुणीतरी सांगाड्यासमोर नारळही फोडला. गुलाबी झालर होतीच. डब्याला तळ नव्हता, खालच्या दांड्या धरून पोरं आतून-बाहेरून उभी राहिली आणि मधल्या मोकळ्या जागेत देवानंदभाऊ तीनचाकीसकट बसले. खऱ्या गाडीत बसणारा माणूस आत असल्याशिवाय चाचणीला अर्थ नाही, असं मी समितीला सांगितलं होतं. हे नियमात कुठे लिहिलेलं नाही. शोभाताई पुलाच्या चढावर उभी होती.

"उचला!" मी ओरडले. माझा आवाज फुटला, कारण सकाळपासून मी ओरडतच होते.

डबा उठला. ताशा वाजला. सरळ रस्त्यावर तर तो असा चालला की मला वाटलं, आता हा अकोल्यापर्यंत थांबत नाही. कोपरा आला. रेघेवरचे दोघे डोकी खाली घालून पावलामागे पाऊल टाकत होते. पुढचं टोक वळायला लागलं, पोट आत आलं, आणि मग कर्रकन आवाज झाला. पुढचा खांब जिनिंगच्या भिंतीला टेकला आणि मागचा बांबू सायकलवाल्याच्या पत्र्यात घुसला.

ताशा थांबला. सायकलवाला "सांगतलं होतं ना!" म्हणून नाचायला लागला. साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मॅडम, मेहनत घेतली तुम्ही. पण पाहिलं आम्ही." त्यांचा ड्रायव्हर गाडीकडे निघालासुद्धा. मी चढावर पाहिलं. शोभाताईने पदराला हात पुसले आणि ती सावकाश खाली उतरू लागली, म्हणजे नेहमीच्या कामाला निघाली. मला रडू यायचंच बाकी होतं.

डब्यात देवानंदभाऊंनी मात्र हार मानली नव्हती. मागच्या पोरांवर ते खवळले. "अबे, रेघ पाहून राह्यले का पोरी?" असं म्हणत त्यांनी गर्रकन तीनचाकी मागे वळवली. एका झटक्यात, पूर्ण उलटी.

मी ते पाहिलं. मैदानावर तीच तीनचाकी तेवढ्याच जागेत पुढे-मागे करत कशीबशी फिरली होती.

"थांबा!" मी किंचाळले. "कुणी हलू नका! टेप आणा!"

टेप लावली. रुंदीत एक फूट जास्त. लांबीतही एक फूट जास्त.

"सुखदेवभाऊ!"

"काय झालं म्याडम?"

"मी दिलेल्या मापातच बांधला ना?"

"त्याच मापात," ते छाती पुढे काढून म्हणाले. "वर शुभाचा एक फूट."

"कसला फूट?"

"आता पाहा म्याडम, आहेर देतो त वर एक रुपया ठेवतोच ना आपन? मांडवबी असाच. माह्या बापानं कवाच पुऱ्या आकड्यावर मांडव थांबवला नाई. एवढं मोठं काम, गावाची पहिली गाडी, अन् तिले मी मोजून-मापून देऊ? लांबीत एक, रुंदीत एक. तुमच्याकडून त्याचे पैसे बी नाई घेतले."

काय करावं या माणसाचं! त्यांच्या नरड्याला हात घालावा की गळ्यात पडावं हे मला ठरवता येईना. मी धावत साहेबांच्या गाडीपुढे जाऊन उभी राहिले आणि धापा टाकत सगळं सांगितलं. साहेब आधी ऐकत राहिले, मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "माझी बडनेऱ्याहून गाडी आहे," ते म्हणाले. मी गिला वडेवाल्याला हाक मारली. त्याने दही घालून, वर तिखट पेरून प्लेट अशी काही पुढे केली की साहेबांनी पुन्हा गाडीचं नाव काढलं नाही.

मग त्या चौकात जी धांदल उडाली ती मी आयुष्यात विसरणार नाही. कुणी सुतळ्या सोडतोय, कुणी बांबू धरतोय, कुणी झालर खांद्यावर टाकून उभा. करवत एकच होती, तर सायकलवाल्याने दुकानातून दुसरी काढून दिली. मी त्याच्याकडे बघतच राहिले. तो म्हणाला, "म्याडम, माहं दुकान वाचत असन त मले काय गाडीचं वावडं हाये?" सुखदेवभाऊ तोंड पाडून शुभाचे फूट कापत होते आणि प्रत्येक तुकडा कापल्यावर कपाळाला लावत होते.

मी स्वतः टेप धरून सगळी मापं पुन्हा घेतली. मग पुन्हा हाक दिली.

डबा उठला. या वेळी ताशा वाजला नाही, कारण ताशेवालेही श्वास रोखून बघत होते. पुढचं टोक भिंतीजवळ आलं. मी भिंत आणि खांब यांच्यामध्ये हात घातला, आणि माझा हात मोकळा राहिला. पोट आत आलं, पानठेल्याची लोंबणारी पाकिटं नुसती हलली. शेपूट फिरली, सायकलवाल्याने डोळे मिटून घेतले, आणि बांबू त्याच्या पत्र्यासमोरून कुठेही न लागता निघून गेला. वळली! माझी गाडी वळली! मी पदवीधर, पन्नाशी उलटलेली, दोन नातवंडांची आजी, त्या भर चौकात उड्या मारल्या.

तिथे डबा खाली ठेवायचा असं ठरलं होतं. मी "ठेवा, ठेवा" म्हणत होते, पण ताशा सुरू झाला होता आणि पोरं ऐकायच्या पलीकडे गेली होती. ती डबा घेऊन तशीच नाल्याकाठच्या पट्ट्यात शिरली. आम्ही सगळे मागे धावलो, साहेबही हातात प्लेट घेऊन. आत देवानंदभाऊ दोन्ही हातांनी तीनचाकी चालवत डब्याच्या वेगाने निघाले होते. पुलाच्या कमानीखाली गेल्यावर त्यांनी मान वर करून पाहिलं आणि ओरडले, "म्याडम! इतकी वर्षं झाली, हा पूल मले आज पहिल्यांदा खालून दिसून राह्यला!"

पलीकडे, लेआउटच्या तोंडाशी, पहिल्या थांब्याची फक्की मी आदल्या दिवशीच आखून ठेवली होती. तिथे डबा टेकला. शोभाताई दुखऱ्या गुडघ्यांनी पूल ओलांडून आमच्या आधी तिथे पोचली होती. सवयीने ती पुढे झाली आणि तीनचाकीच्या पाठीवर हात ठेवला.

"सोड शोभा," देवानंदभाऊ म्हणाले. "आज गाडीनं आलो. माहा मी उतरतो."

ते उतरले. शोभाताईचा हात हवेत तसाच राहिला होता, मग तिने तो तोंडावर धरला आणि ती रडायला लागली. साहेबांनी प्लेट कुणाच्या तरी हातात दिली आणि दुसरीकडे बघत राहिले. तीन थांबे अहवालात राहिले.

इथे संपवता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण बांबूची गाडी जितक्या लवकर पोचली तितकी फाइल पोचत नाही. मी निवृत्त झाले, साहेब निवृत्त झाले, मंजुरी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिली. शोभाताईला आता चढ अजिबात चढवत नाही, शेजारची मंडळी आळीपाळीने देवानंदभाऊंना पुलावर पोचवतात. आम्ही चौकात उड्या मारल्या त्या दिवसाची आठवण झाली की आनंदाबरोबर ही टोचणीही येते. गाडी वळते हे आम्ही दाखवलं, पण ती येईपर्यंत गुडघ्यांना थांबवायची सोय आमच्या धंद्यात नाही.

गेल्या पंधरवड्यात सकाळी पोळ्या लाटत होते तर फोन वाजला.

"म्याडम, मी देवानंद. माती तपासाची मशीन आली."

लाटणं माझ्या हातातच राहिलं. पहिल्या टप्प्याचं काम निघणार हे मला पेपरातून कळलं होतं. चौकापर्यंतच्या. विचारायची भीती वाटली, तरी विचारलं, "पुलाच्या अलीकडे का पलीकडे?"

त्यांनी फोन नुसता पुढे धरला असावा. जमिनीत काहीतरी घरघरत खोल जात असल्याचा आवाज कानात भरला आणि त्या आवाजावर आवाज चढवून शोभाताई ओरडत होती, "अहो भाऊ, मशीन जराशी बंद करा, चहा घ्या! हे काय, इथंच हाये घर आमचं!"